कोकणात घर बांधताना: छप्पर, वारा, झड आणि मग वीज

जळगाव-नागपूरकडे जाड भिंतीचं घर उन्हाळ्यात थंड राहतं, कारण रात्री बाहेरची हवा निवते आणि दिवसभर भिंतीत मुरलेली धग निघून जाते. श्रीवर्धन, रत्नागिरी, मालवणला हे जमत नाही. मे महिन्यात दुपारचा पारा ३३-३४ अंशांवर थांबतो खरा, पण पहाटेही तो २५-२६ च्या खाली जायला तयार नसतो, आणि दमट हवा अंगावरचा घाम सुकू देत नाही. त्यामुळे इथल्या घरात वीज वाचवायची तर छपरातून धग खाली उतरू द्यायची नाही, अंगावरून वारा वाहता ठेवायचा आणि भिंती कोरड्या राखायच्या. नकाशा काढतानाच हे साधलं तर जवळपास फुकट पडतं. घर उभं राहिल्यावर सुचलं की एसी, वॉटरप्रूफिंग आणि दर दोन वर्षांनी रंग असा खर्च मागे लागतो.

पैसे मोजकेच असतील तर ते या क्रमाने घाला: छप्पर, पडवी, खिडक्या, जोतं, पंखे, सोलर, एसी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो.

ऊन कुठून येतं ते आधी बघा

रत्नागिरी १७ अक्षांशावर आहे. ८ मेच्या आसपास आणि पुन्हा ५ ऑगस्टच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. म्हणजे उन्हाळ्यात सगळ्यात जास्त भाजतं ते छप्पर, भिंती नव्हेत. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारी बाराला क्षितिजापासून ४९-५० अंशांवर असतो. दक्षिणेच्या चार फुटी खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला तर मार्च ते सप्टेंबर भर दुपारचं ऊन काचेला लागत नाही आणि डिसेंबरात खालच्या दीड-पावणेदोन फुटांतून आत येतं. हिवाळ्यातलं तेवढं ऊन येऊ द्या, पावसाळ्यात ओलावलेली खोली त्याने सुकते.

पश्चिमेचं गणित वेगळं आहे. एप्रिलात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण २४ अंशांवर असतो. चार फुटी खिडकी त्या उन्हापासून झाकायची तर नऊ फुटांचा छज्जा लागेल. नऊ फुटांचा छज्जा म्हणजे पडवीच. जुन्या घरांची पडवी आठ-नऊ फूट का असे, ते यातून कळतं. हल्ली त्या जागी दीड फुटाचा छज्जा काढतात आणि मग खिडकीला जाड पडदा लावून दिवसा ट्यूब पेटवतात.

पश्चिम नुसती बंद करून टाकता येत नाही, कारण दुपारचे खारे वारे तिकडूनच येतात. आणि जून लागला की झडही (वाऱ्याने तिरका आत येणारा पाऊस) तिकडूनच. वारा आत हवा, ऊन आणि पाणी बाहेर हवं. त्याला पडवीइतका चांगला तोडगा दुसरा नाही. पडवी परवडत नसेल तर निदान तीन फुटांची वळचण आणि समोर दाट झाड. माड यासाठी कामाचा नाही, त्याची सावली भलतीकडे पडते. रातांबा (कोकमाचं झाड) चांगला: बारमाही हिरवा, जमिनीपासून दाट, उंचीने आवरता. भिंतीपासून १२ ते १५ फुटांवर लावा. आंबा-फणस घराला खेटून नको. २०२० च्या निसर्ग वादळात आणि पुढच्याच वर्षी तौक्तेत घरांवर झाडं कोसळून झालेलं नुकसान किनाऱ्यावर सगळ्यांनी पाहिलंय.

स्वयंपाकघर पूर्वेच्या अंगाला ठेवलं की दुपारच्या वाऱ्याबरोबर चुलीची ऊब घरात न शिरता बाहेर पडते. न्हाणीघर, जिना, कोठीची खोली नैऋत्य कोपऱ्यात टाकली तर पावसाळ्यातला मार त्या खोल्या झेलतात.

छप्पर

उघडी आरसीसी स्लॅब हे कोकणातलं सगळ्यात महागात पडणारं छप्पर आहे. दिवसभर तापते आणि रात्री अकरा-बारापर्यंत खाली धग सोडत राहते. पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर येते. चार-पाच पावसाळ्यांत गळू लागते आणि मग वर पत्र्याची शेड येते. शेड शेवटी येणारच असेल तर ती पहिल्यापासून नकाशात घ्या. स्लॅबवर थेट ऊन न पडणं हा तिचा मोठा फायदा. पण शेडच्या चारही बाजू पत्रे लावून बंद करू नका. कडेला कमीत कमी तीन फूट मोकळं राहिलं तरच मधली गरम हवा निघून जाते. बंद केलेली शेड म्हणजे स्लॅबवर ठेवलेली भट्टी.

शेड घालायचीच नसेल तर स्लॅबला शंभरास एक उतार द्या आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइलचा चायना मोझॅक करा. ऊन परतवणारे पांढरे रंग बाजारात मिळतात, चांगलं कामही करतात, पण इथे एका पावसाळ्यात त्यावर काळं शेवाळ चढतं. दर वर्षी नोव्हेंबरात गच्ची घासून धुवायची तयारी असेल तरच त्या रंगावर पैसे घाला. मोझॅक घासायला सोपा आणि टिकतोही जास्त.

आमचा कौल अर्थातच कौलांना. कौलं तापतात, पण सांध्यांतून हवा खेळते आणि सूर्य मावळल्यावर ती लवकर निवतात. लोकांनी कौलं काढली ती उकाड्यामुळे नव्हे, वानर-माकडांमुळे. एक टोळी छपरावरून गेली की पंधरा-वीस कौलं फुटतात आणि चढून दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. म्हणून आता खाली पत्रा आणि वर मंगलोरी कौलं असं दुहेरी छप्पर करतात. ते नीट केलं तर उत्तम. फक्त ते कसं बसवलंय यावर सगळं अवलंबून आहे, तेव्हा हा भाग जरा सविस्तर.

१. उतार ३० अंशांचा धरा, म्हणजे एक फूट आडव्याला सात इंच उंची. २५ अंशांच्या खाली गेलात तर झडीचं पाणी कौलाखालून वर चढतं.

२. वजनाचा अंदाज आधी द्या. १०० चौरस फुटांना साधारण १५० मंगलोरी कौलं लागतात आणि त्यांचं वजन कोरडी असतानाच साडेतीनशे किलोंच्या आसपास भरतं. भिजल्यावर आणखी. नुसत्या पत्र्यासाठी धरलेला सांगाडा याला पुरत नाही.

३. सांगाडा लोखंडी असेल तर जीआय (जस्त चढवलेल्या) ट्यूबचा घ्या. वेल्डिंग केलं की त्या जागेचं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. प्रत्येक सांधा तारेच्या ब्रशने घासून त्यावर झिंक प्रायमरचे दोन हात त्याच दिवशी मारून घ्या. वेल्डर ‘नंतर मारू’ म्हणतो. नंतर कौलं चढलेली असतात.

४. आडव्या पर्लिनवर (सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यांवर) फिक्या रंगाचा, ०.५ मिलिमीटर जाडीचा, कणे (उंचवटे) असलेला पत्रा टाका. कणे वळचणीच्या दिशेने उतरते. स्क्रू कण्याच्या माथ्यावर, रबरी वायसरसकट. नाळेत (दोन कण्यांमधल्या खोलगट भागात) मारलेला स्क्रू पहिल्याच पावसात गळतो.

५. पत्र्यावर लगेच आडव्या रिपा (कौलं अडकवायच्या पट्ट्या) मारायच्या नाहीत. आधी दर दोन फुटांवर, कण्याच्या माथ्यावरून, उतारालगत उभी पट्टी टाका आणि ती खालच्या पर्लिनपर्यंत स्क्रूने पकडा. त्या उभ्या पट्ट्यांवर आडव्या रिपा. ही उभी पट्टी वाचवण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि दुहेरी छप्पर फसतं ते इथेच. रीप नुसत्या पत्र्यावर पकडली की वादळात पत्र्यासकट उपटते. शिवाय फुटक्या कौलातून आलेलं पाणी, पाला, माती रिपेच्या मागे साचते आणि पत्रा तिथून कुजतो. उभी पट्टी असली की पाणी खाली वाहून जातं आणि कौल आणि पत्रा यांच्यामध्ये हवेला वाट मिळते.

६. रिपांमधलं अंतर पुस्तकातून घेऊ नका. आलेल्या गाडीतली दहा कौलं जमिनीवर एकात एक अडकवून मांडा, एकदा ताणून आणि एकदा दाबून मापा, मधलं माप धरा. साधारण साडेबारा इंच येतं, पण भट्टीगणिक फरक पडतो आणि अर्ध्या इंचाची चूक वीस ओळींत दहा इंच होते.

७. वळचणीला मधली फट जाळी लावून उघडी ठेवा आणि आढ्यावर, कोन्याच्या कौलाखाली, इंचभर फट तशीच जाळीसकट सोडा. खालून हवा शिरते, वर निघते. गवंडी सवयीने आढं सिमेंटने लिंपून टाकतो आणि वाट बंद होते. जाळी हवीच, नाहीतर उंदीर आणि वटवाघळं पहिल्या वर्षीच मुक्कामाला येतात.

८. कडेच्या दोन ओळी आणि आढ्याची कौलं तारेने बांधा किंवा स्क्रूने पकडा. वादळाचा वारा छप्पर दाबत नाही, उचलतो, आणि उचलायला सुरुवात कडेपासून करतो.

पडवीचं छप्पर मुख्य छपराहून फूटभर खाली आणि सांगाड्याने वेगळं ठेवा. उघड्या पडवीखाली वारा भरून ती उडालीच तर एकटी उडेल, घराचं छप्पर सोबत नेणार नाही.

खोलीला माळा असेल तर तो ठेवा. फळ्यांचा माळा आणि त्यावरची मोकळी हवा हे चांगलं धगरोधक आहे. माळा नसेल तर पत्र्याखाली चकचकीत फॉइलची बबल शीट लावतात. ती पत्र्याला चिकटवून लावली तर अर्धा उपयोग जातो. फॉइलच्या चकाकत्या बाजूला किमान एक इंच मोकळी हवा लागते. चकाकती बाजू खाली ठेवा, वर ठेवली तर धूळ बसून ती वर्षभरात निकामी होते. उजेडासाठी खोलीमागे एक-दोन काचेची कौलं पुरेत आणि ती उत्तरेच्या उतारावर. चार घातलीत तर दुपारी त्या खोलीत बसवत नाही. दुहेरी छपरात त्यांच्या खाली तेवढा पत्राही कापावा लागतो. कापाच्या कडा वर दुमडून घेतल्या नाहीत तर तिथूनच गळती सुरू होते.

खिडक्या

दमट हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश इतकी जागा उघडणारी हवी. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट. आता बाजारातली दोन पाखांची सरकती अॅल्युमिनियम खिडकी बघा: एक पाख नेहमी दुसऱ्याच्या मागे, म्हणजे भोक चार बाय पाचाचं असलं तरी वाऱ्याला मिळतात दहाच फूट. त्यावर मच्छरदाणीची जाळी लावली की वारा आणखी बराच मार खातो. पाखांची, बाहेर उघडणारी खिडकी पूर्ण मोकळी होते. तिला वाऱ्याने आपटू नये म्हणून कडी-खिटी मजबूत हवी, एवढंच.

सरकत्या खिडकीचं दुसरं दुखणं झडीत कळतं. पाणी खालच्या ट्रॅकमध्ये भरतं आणि वाऱ्याच्या दाबाने आत ओसंडतं. घेतलीच असेल तर ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला पाणी निघायची भोकं आहेत का ते बसवण्याआधी बघा, आणि खिडकीच्या पाटाला बाहेर उतार द्या. सिलिकॉनने भोकं बुजवलेली खिडकी आम्ही मोजता येणार नाही इतक्यांदा पाहिली आहे.

वारा शिरायची खिडकी पश्चिम किंवा वायव्येला, निघायची समोरच्या भिंतीत. निघायची वाट शिरायच्या वाटेपेक्षा थोडी मोठी असली तर बरं. एकाच भिंतीत दोन खिडक्या असून वारा येत नाही ही नेहमीची तक्रार आहे. वारा येणार कुठून, त्याला जायलाच वाट नाही. समोर खिडकी शक्य नसेल तर दारावर दीड फुटाची झिलमिल (तिरक्या पट्ट्यांची उघडी चौकट) ठेवा. खिडकीचा पाट दोन फुटांवर घ्या, म्हणजे खाटेवर झोपलेल्या माणसाच्या अंगावरून वारा जाईल. साडेतीन फुटांवरच्या खिडकीतला वारा डोक्यावरून जातो. रात्री खारे वारे पडतात आणि पूर्वेकडून मतलई सुरू होते, तेव्हा पूर्वेची खिडकीही झोपायच्या खोलीला हवी.

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत साधे लोखंडी गज लावू नका. ३०४ ग्रेडच्या स्टीलवरही तांबूस डाग येतात. तिथे स्क्रू, बिजागरी, कड्या ३१६ ग्रेडच्या किंवा पितळेच्या घ्या.

पावसाळ्यात पडवीला पूर्वी विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे, आता ताडपत्री किंवा शेडनेट. ताडपत्रीने पाणी थांबतं आणि वाराही थांबतो, मग आतल्या भिंतींना बुरा चढतो. दाट शेडनेट घ्या आणि वर फूटभर फट सोडा.

चिरा, जोतं आणि ओल

ओल्या भिंतीच्या घरात उकाडा जास्त जाणवतो, कारण ती भिंत हवेत सतत वाफ सोडत राहते. शिवाय कपडे सुकत नाहीत, मग इस्त्री आणि पंखे जास्त चालतात.

जांभ्याचा चिरा हे इथलं चांगलं बांधसाहित्य आहे. भट्टी लागत नाही, गाडीभाडं कमी. पण चिऱ्याची निवड करावी लागते. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवेवर राहिल्यावर कडक होतो, म्हणून तो महिनाभर तरी रचून ठेवा. गाडीतले चार-पाच चिरे सुकवून वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो माल पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतींना वापरा. पांढरट मातीच्या गाठी असलेला चिरा परतच करा, पावसात ती माती वाहून भोकं पडतात.

पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतीला बाहेरून गिलावा करा, बाकीच्या भिंती नुसत्या दरजा भरून उघड्या ठेवल्या तरी चालतात. उघड्या चिऱ्यावर चकाकणारा लॅकर मारायची फॅशन आहे. त्याने आतली ओल बाहेर निघत नाही आणि दोन वर्षांत पापुद्रे सुटतात. त्याऐवजी भिंतीचा श्वास बंद न करणारं सिलेन-सिलोक्झेनचं पाणीरोधक मारा, तेही एप्रिल-मेमध्ये, भिंत महिनाभर कोरडी तापल्यावर. पहिला हात ओला असतानाच दुसरा. ऑक्टोबरात मारलं तर ओल आत कोंडली जाते.

जोतं किमान दोन-अडीच फूट. जोत्याच्या माथ्यावर आरसीसीची प्लिंथ बीम सलग फिरवलेली असेल तर जमिनीतली ओल बरीच तिथेच अडते. नसेल तर दीड-दोन इंच दाट काँक्रीट आणि त्यावर डांबराचे दोन हात. फरशीच्या खालच्या काँक्रीटखाली पाव मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरा, जोडावर फूटभर एकावर एक येऊ द्या. हजार-दीड हजारांचं काम आहे. ते न केलेल्या घरात श्रावणात फरशीला घाम सुटतो.

पन्हळीचं माप अंदाजाने घेऊ नका. १,००० चौरस फुटांच्या छपरावर तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला दीडशे लिटरच्या वर पाणी खाली येतं. त्याला चार इंची दोन उतरते पाइप लागतातच. हेच पाणी जाळी आणि खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीजवळच्या खड्ड्यात जिरवलंत तर मे महिन्यात पंप कमी ओढतो.

एसीची एकच खोली

सगळं घर उघडं आणि वाहतं, पण एक खोली घट्ट बंद होणारी: कोकणात एसी लावायचा तर असा. ही खोली पूर्व किंवा उत्तरेची, वर माळा किंवा छत असलेली आणि दाराखाली रबरी पट्टी लावलेली हवी. कौलांखाली थेट लावलेला एसी म्हणजे अंगण थंड करणं.

१२० चौरस फुटांना एक टन पुरतो. दुकानदार दीड टन सुचवतो. मोठा एसी खोली चटकन गार करून थांबतो, पण हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग खोली गार आणि चिकट राहते आणि माणूस तापमान आणखी खाली ओढतो. बाहेर ३० अंश आणि दमटपणा ८० टक्के असेल तर २६ अंशांच्या आसपास वाफेचं पाणी होऊ लागतं. २० अंशांवर ठेवलेल्या खोलीच्या भिंतींना बाहेरून घाम येतो आणि शेजारच्या खोलीत बुरशी धरते ती यामुळे. २६ वर ठेवा आणि पंखा हळू फिरवा. तापमान एक अंशाने वाढवलं की वीज सुमारे सहा टक्के कमी लागते. पावसाळ्यात नुसता ड्राय मोड पुरतो.

बाहेरचं युनिट समुद्राकडच्या भिंतीवर टांगू नका. पूर्वेला किंवा आडोशाला, कॉइल तांब्याची आणि वर गंजरोधक थर दिलेली. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा मेन बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुवा. मीठ बसलेल्या जाळीतून हवा जात नाही आणि युनिट तेवढ्याच थंडाव्याला जास्त वीज खातं. स्टार बघताना लेबलवरचं वर्ष बघा, कारण स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात.

पंखे आणि इन्व्हर्टर

जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा) ३० वॅट. चार पंखे दिवसाला दहा तास चालले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. महावितरणचे दर १०० आणि ३०० युनिटांवर चढतात, त्यामुळे या काठावर असलेल्या घराला बिलात याहून मोठा फरक दिसतो. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून सरळ वायर जोडायची. तो तसाच ठेवला की पंखा गुरगुरतो आणि सर्किट जातं.

वीज जाणं हा कोकणातला नेहमीचा पाहुणा, त्यामुळे बॅटरी बहुतेक घरांत असतेच. १५० अँपिअर-अवरच्या एका बॅटरीतून प्रत्यक्षात १,००० ते १,२०० वॅट-तास मिळतात. तीन जुने पंखे आणि तीन दिवे चालवले तर चार तास, तेच पंखे बीएलडीसी असतील तर नऊ तास. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला.

सोलर

एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टात हे बरंच खाली जातं, तेव्हा पावसाळ्याच्या बिलावरून हिशेब मांडू नका. महिना २०० ते २५० युनिट वापराच्या घराला दोन किलोवॅट ठीक. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. जास्तीत जास्त ७८,०००.

साधं ग्रिडला (महावितरणच्या लाइनला) जोडलेलं सोलर वीज गेली की बंद पडतं, भर उन्हातही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती सोय आहे. हे आधी न कळल्याने नंतर भांडणं होतात. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, खर्च बराच वाढतो.

कौलांवर पॅनेल बसवू नका. बसवताना आणि नंतर धुताना कौलं फुटत राहतात. न्हाणीघराची स्लॅब, गाडीची शेड किंवा खळ्याच्या कडेची मोकळी जागा बघा. आणि वर बघा: माडाखाली पॅनेल नको. उंचावरून पडलेला एक नारळ काचेला पुरतो. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ ते १७ अंश तिरकं, सांगाडा बुटका आणि गरम जस्तात बुडवलेला, नटबोल्ट ३१६ चे. पॅनेल खाऱ्या हवेच्या चाचणीत उतरलेलं आहे का, हे लेखी मागा.

अर्थिंगवर कुणी लक्ष देत नाही, आणि कातळावर तेच सगळ्यात अवघड. जांभ्यात ठोकलेला दांडा नावापुरता असतो. न्हाणीचं पाणी जातं त्या केळीजवळ किंवा माडाच्या आळ्याशेजारी, जिथे माती खोल आणि बारमाही ओली असते तिथे दहा फूट खोल भोक घ्या, दांड्याभोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. रोध पाच ओहमच्या आत हवा. तो मे महिन्यात मोजून घ्या. जुलैत मोजलेला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) इन्व्हर्टरच्या लाइनकडच्या (एसी) आणि पॅनेलकडच्या (डीसी) दोन्ही बाजूंना, नाहीतर वळवाच्या एका गडगडाटात इन्व्हर्टर आणि बीएलडीसी पंख्यांची सर्किटं एकदम जातात.

गरम पाण्यासाठी विजेचा गीझर घ्यायची घाई नको. नारळाची सोडणं आणि झावळ्या ज्यांच्या आवारात पडून असतात, त्यांना बंबाहून स्वस्त काही नाही. सोलर बंब घ्यायचा तर चार माणसांना १०० लिटर पुरतो. टाकीपासून नळापर्यंतचा पाइप जितका लांब तितकं आधी गार पाणी वाया जातं, म्हणून न्हाणीघराच्या डोक्यावरच बसवा.

घर वर्षातून दोनदाच उघडत असेल तर

गणपती आणि मे महिना सोडून कुलूप असलेल्या घराचा सगळा भर ओलीवर ठेवा. एसी आणि फॉल्स सीलिंग अशा घरात टिकत नाहीत. प्रत्येक खोलीत समोरासमोरच्या भिंतींना वर, जाळी आणि झिलमिल लावलेल्या, कायम उघड्या फटी ठेवा, वळचणीच्या आत म्हणजे झड पोचणार नाही. प्लायवूडची कपाटं भिंतीला न चिकटवता दोन इंच सोडून बसवा, पाठीला भोकं पाडा. गाद्या खाटेवर उभ्या करून ठेवा.

निघताना फ्रिज बंद करा, पुसून दाराला लाकडाचा तुकडा लावून ते अर्धवट उघडं ठेवा. बॅटरीचं पाणी भरा. इन्व्हर्टर पूर्ण बंद करून सहा महिने सोडला तर बॅटरी उतरून मरते, म्हणून तो चालू ठेवा आणि त्यावरचा लोड तेवढा काढा. पंप, गीझर, टीव्ही यांचे एमसीबी पाडा. शेजाऱ्यांकडे चावी ठेवणारच असाल, तर पन्हळीतला पाला जूनच्या आधी आणि ऑगस्टात एकदा काढायचं कामही त्यांच्याच गड्याला सांगून, पैसे देऊन ठेवा.